सनरूफमधून दर पावसाळ्यात गळणारे पाणी: मूळ शोधून घरीच केलेली दुरुस्ती

गाडीच्या सनरूफमधून पाणी गळू लागले की काचेभोवतीचे रबर खराब झाले, असाच बहुतेकांचा समज होतो. माझाही तोच झाला आणि त्यापायी दोन पावसाळे वाया गेले. पुण्यात जूनचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडच्या पुढच्या सीटसमोरची मॅट ओली झालेली असे, छताच्या अस्तरावर त्याच कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा पिवळट डाग उमटलेला असे आणि दार उघडताच भिजलेल्या गोणपाटाचा वास येई. पहिल्या वर्षी सर्व्हिस सेंटरने ‘साफ केले आहे’ एवढेच सांगून गाडी परत दिली. दुसऱ्या वर्षी एका गॅरेजमध्ये काचेच्या चारही बाजूंना सिलिकॉन सीलंट भरून मिळाले. तिसऱ्या जूनमध्ये पाणी पुन्हा त्याच मॅटवर आले, तेव्हा हे काम आपणच मुळापासून समजून घ्यावे असे ठरवले.

समजून घेण्याची पहिली गोष्ट अशी की, सनरूफचे रबर सगळे पाणी अडवण्यासाठी बनवलेलेच नसते. ते बहुतेक पाणी बाहेरच्या बाहेर सरकवते, पण काही पाणी त्याला ओलांडून आत येणार हे गृहीत धरूनच सनरूफची रचना केलेली असते. काचेच्या खाली, उघडणाऱ्या भागाच्या कडेने, एक पन्हळीसारखी चौकट असते. आत आलेले पाणी या पन्हळीत जमते, तिच्या कोपऱ्यांत असलेल्या भोकांतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लवचीक नळ्यांमध्ये उतरते आणि गाडीच्या खांबांच्या आतून खाली जाऊन रस्त्यावर पडते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून उतरतात आणि मागच्या दोन डिकीकडच्या खांबांतून. थोडक्यात, कौलारू घराच्या पन्हळीचाच हा प्रकार आहे, आणि पन्हळ तुंबली की पाणी भिंतीवरून घरात उतरते हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

यात पाणी किती असते याचा अंदाज बांधता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. साध्या सनरूफची काच साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर लांब धरली, तर ५० मिलिमीटर पावसात तिच्यावर बावीस लिटरच्या वर पाणी पडते. त्यातला विसावा भाग जरी रबर ओलांडून आत आला, तरी लिटरभर पाणी पन्हळीत उतरले. नळी मोकळी असेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि नळी तुंबलेली असेल तर ते सगळे अस्तरावरून, दिव्याच्या खाचेतून किंवा खांबाच्या आतून तुमच्या मॅटवर येते.

म्हणून काचेभोवती सीलंट भरणे हा उपाय नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. सीलंटमुळे सनरूफ उघडता येत नाही, थोड्याच दिवसांत उन्हाने आणि हादऱ्यांनी त्याला चिरा पडतात आणि त्या चिरांतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट तशीच बंद राहते. माझ्या काचेवरचे सीलंट जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने आणि अंगठ्याने खरवडून काढायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यासाठी पेट्रोल किंवा थिनर वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्याने रंग आणि रबर दोन्ही बिघडतात.

पाणी सनरूफमधूनच येते आहे याची खात्री मात्र आधी करून घेतली पाहिजे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे एसीचा थंड होणारा भाग बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या मागे असतो. त्याच्यावर जमणारे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली, तरी डावीकडचीच मॅट भिजते. हा फरक ओळखणे सोपे आहे. दमट हवेत पंधरा-वीस मिनिटे एसी चालवल्यावर गाडीखाली पाण्याचे थेंब पडलेले दिसले नाहीत, आणि मॅट पाऊस नसतानाही भिजत असेल, तर दोष एसीच्या नळीचा आहे. ओल चिकट असेल, तिला गोडसर वास येत असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आहे आणि ते काम गॅरेजचे आहे. वायपरच्या खालच्या जाळीत साचलेला पालापाचोळा, दाराच्या आतला सुटलेला प्लास्टिकचा पडदा, डिकीत पाणी असल्यास मागच्या दिव्यांची रबरे, हे इतर संशयित होत.

सनरूफच्या गळतीची मात्र एक खूण आहे, जी एकदा कळली की विसरत नाही. रात्रभर पाऊस पडून सकाळी थांबलेला असतो, गाडी कोरडी वाटते, तुम्ही गाडी काढता आणि पहिला ब्रेक लावताच आरशाजवळच्या दिव्यातून पाण्याची धार अंगावर येते. किंवा डावीकडे वळताना उजव्या कोपऱ्यातून पाणी येते. याचा अर्थ पन्हळीत पाणी साचून उभे आहे आणि गाडी हलली की ते काठावरून उसळते आहे.

गाडी जिथे उभी राहते तिथला उतारही लक्षात घ्यावा. आमच्या सोसायटीत माझी जागा अशी आहे की गाडीचे तोंड उताराकडे असते आणि डावे चाक किंचित खाली असते. साहजिकच सगळे पाणी पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे धावे आणि तोच कोपरा बंद असल्याने तिथूनच उतू जाई. शिवाय वर गुलमोहोर आहे. मे महिन्यात गाडीवर त्याच्या पाकळ्या पडतात त्याचे कौतुक सगळेच करतात, पण त्याची तांदळाएवढी बारीक पाने काचेच्या फटीतून आत जाऊन नळीच्या तोंडाशी कशी बसतात हे सनरूफवाल्यालाच ठाऊक असते. चिंच, सोनमोहोर आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचा विलायती शिरीष यांचेही तेच. त्यात आसपासच्या बांधकामांची धूळ मिसळली की पहिल्या सरीने त्याचा चिखल होतो आणि आठ दिवसांच्या उघडिपीत तो वाळून घट्ट होतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येऊ. सनरूफ पूर्ण उघडावे आणि दाराच्या चौकटीवर नीट पाय रोवून वरून पन्हळीत टॉर्च मारून पाहावे. पुढच्या बाजूला, काच उघडल्यावर वर येणारी जाळी किंवा पट्टी असते. तिच्या खाली हमखास कचरा असतो. तो सुक्या ब्रशने सैल करून व्हॅक्यूम क्लिनरने ओढून घ्यावा, पाणी मारून वाहवू नये, नाहीतर सगळा गाळ नळीतच जाईल. जुन्या टूथब्रशने आणि ओल्या फडक्याने कोपरे पुसल्यावर नळीचे तोंड दिसू लागते. माझ्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, नळीच्या तोंडाशी, त्या सीलंटचाच मोहरीपेक्षा थोडा मोठा तुकडा सापडला, तेव्हा रागावे की हसावे ते कळेना.

यानंतरची पाण्याची चाचणी हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. औषधाच्या मापाने किंवा सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने, एका वेळी एकाच कोपऱ्यात, साधारण १०० मिलिलिटर पाणी हळूहळू सोडावे. मध्यभागी ओतू नये, कारण अनेक गाड्यांत सनरूफची मोटर तिथेच, दिव्याच्या वर असते. खाली दुसऱ्या माणसाने गाडीच्या त्याच बाजूला वाकून पाहावे. पुढच्या नळीचे पाणी पुढचे दार आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीतून, काही गाड्यांत चाकामागून किंवा दाराखालच्या पट्टीतून पडते. मागच्या नळीचे मागच्या चाकापाशी किंवा बंपरच्या आतून.

आता तीन शक्यता उरतात. पाणी लगेच खाली पडले तर नळी ठीक आहे. पाणी पन्हळीत तसेच उभे राहिले किंवा फार हळू उतरले, तर नळी तुंबली आहे. पाणी वरून चटकन नाहीसे झाले पण खाली काहीच आले नाही, तर मात्र तिथेच थांबावे. नळी वरच्या टोकाला निसटलेली किंवा मध्ये फाटलेली असून पाणी थेट गाडीच्या आत जात आहे. पुष्कळ जण ‘पाणी गेले म्हणजे झाले’ असे मानतात आणि ही तिसरी शक्यता हातची सुटते. गेलेले पाणी कुठे बाहेर आले, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोपरा तपासून झाला असे म्हणू नये.

माझ्याकडे दुसरा प्रकार होता. मुलगी दारापाशी टॉर्च घेऊन बसली होती आणि मिनिटभराने तिने सांगितले, ‘बाबा, इथून काहीच येत नाहीये.’ वर पन्हळीत पाणी आरशासारखे स्थिर होते.

तुंबलेल्या नळीवर लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा वरून मारणे. नळी वरच्या टोकाला पन्हळीच्या बोंडावर नुसती दाबून बसवलेली असते. त्या जोराच्या हवेने गाळ हलण्याऐवजी नळीच बोंडावरून निसटते आणि तुंबलेल्या नळीच्या जागी निसटलेली नळी पदरात पडते, जी अस्तर उतरवल्याशिवाय बसत नाही. दुसरी चूक म्हणजे कडक तार खुपसणे; तिने नळीला वळणावर भोक पडते. मी वापरली ती गवत कापण्याच्या ब्रश कटरची नायलॉन दोरी, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची, शेती अवजारांच्या दुकानात सुटी मिळणारी. तिचा अडीच मीटरचा तुकडा घेतला आणि टोक लायटरने वितळवून गुळगुळीत मणी केला, म्हणजे ते नळीला टोचत नाही. दोरी बोटांत फिरवत, जोर न लावता सोडावी. अडली तर थोडी मागे घेऊन, फिरवून पुन्हा पुढे न्यावी. पडद्याची प्लास्टिकच्या आवरणाची स्प्रिंगही चालते, पण तिचे कापलेले टोक आधी टेपने गुंडाळावे.

माझी दोरी दीडेक मीटर आत गेली, बाहेर काढली तेव्हा टोकाला काळा गाळ होता, आणि नंतर ओतलेले पाणी कुरकुरत का होईना उतरले. मी काम झाले असे समजून हात धुतले. बारा दिवसांनी, जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात, मॅट पुन्हा ओली झाली. दोरीने गाळात फक्त तिच्याएवढे भोक पाडले होते आणि ते पुन्हा बुजले होते. खरा अडथळा आणखी खाली, नळीच्या शेवटच्या टोकाला होता.

या टोकाविषयी बरेच मेकॅनिकही बोलत नाहीत. नळी जिथे बाहेर पडते तिथे अनेक गाड्यांत एक रबरी टोपण असते, आणि त्याला बदकाच्या चोचीसारखी मिटलेली चीर असते. धूळ, आवाज आणि किडे आत येऊ नयेत म्हणून ती ठेवलेली असते; आतून पाणी आले की ती उघडते. चिखलाने ती एकदा चिकटली की मात्र वरून कितीही साफसफाई करा, पाणी नळीत वरपर्यंत उभे राहते. माझ्या गाडीत हे टोपण पुढच्या दाराच्या दोन बिजागऱ्यांच्या मध्ये, मडगार्डच्या आत दडलेले होते. दार पूर्ण उघडून, जमिनीवर गुडघे टेकून, टॉर्च तिरपी धरल्यावर ते दिसले. चिमटीत धरून चीर दाबली तेव्हा आधी काजळासारखा गुळगुळीत काळा चिखल बोटांवर आला, मग एक बुडबुडा, आणि नंतर चांगले पेलाभर गढूळ पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. तीन वर्षांची तक्रार त्या एका चिमटीत मोकळी झाली.

मग खालच्या टोकाला व्हॅक्यूम क्लिनरची नळी फडक्याने गुंडाळून लावली आणि वरून कोमट पाण्यात भांड्यांचा साबण कालवून थोडा थोडा सोडला. क्लिनर पाणीही ओढू शकणारा हवा. घरातला साधा क्लिनर यासाठी वापरू नये, त्यात विजेचा धोका आहे. वरून ढकलण्यापेक्षा खालून ओढणे बरे, कारण त्याने वरचा जोड निसटण्याची भीती फारशी राहत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पाच-सहा वेळा करावे लागले. काही जण ती रबरी चोच कापूनच टाकतात. मी कापली नाही, कारण आमच्याकडे कुंभारीण माशी कुठल्याही पेन्सिलीएवढ्या भोकात मातीचे घर बांधते, आणि चिखलापेक्षा ते घर काढणे अवघड आहे.

नळी निसटलेली निघाली तर काय करावे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी खांबावरचे प्लास्टिक आणि छताचे अस्तर सैल करावे लागते. ज्या गाड्यांत पडद्यासारख्या एअरबॅग आहेत, त्यांच्या त्या एअरबॅग नेमक्या याच कडेने, खांबाच्या आणि अस्तराच्या मागे असतात. बॅटरीचा ऋण जोड काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच तिथे हात घालायचा असतो, आणि काही गाड्यांत त्या प्लास्टिकच्या क्लिप एकदा काढल्या की नव्याच लावाव्या लागतात. माझ्या मते घरच्या दुरुस्तीची हद्द इथे संपते. गॅरेजला जाताना मात्र ‘सनरूफ गळते’ असे मोघम न सांगता, ‘पुढच्या डाव्या कोपऱ्यात पाणी ओतले तर खाली येत नाही, नळी वर निसटली आहे’ असे नेमके सांगावे, म्हणजे सीलंटची नळकांडी पुढे येत नाही.

रबराची तपासणी शेवटी करावी. कागदाची पट्टी काच आणि छत यांच्यामध्ये धरून सनरूफ बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी. चारही बाजूंना साधारण सारखाच ताण लागला पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती सहज निघाली तर तिथे रबर दबून चपटे झाले आहे किंवा काच खाली झाली आहे. काचेची पुढची कड छताच्या पातळीत किंवा मिलिमीटरभर खाली, आणि मागची कड पातळीत किंवा मिलिमीटरभर वर असावी, असा बहुतेक गाड्यांचा साधारण नियम आहे. काच दोन्ही बाजूंच्या चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंवर बसवलेली असते. ते सैल करण्यापूर्वी मूळ जागेची पेन्सिलीने खूण करून ठेवावी. रबर ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. व्हॅसलीन, साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते, आणि खोबरेल तेलाला धूळ चिकटून पुन्हा तोच चिखल होतो.

गळती थांबली तरी आत मुरलेले पाणी आपोआप जात नाही. कार्पेटखाली जाड फोम असतो आणि वरून हाताला नुसते दमट लागले तरी त्याच्या पोटात कित्येक लिटर पाणी असू शकते. दाराखालची पट्टी काढून कार्पेटची कड उचलावी, जुने टॉवेल पायाने दाबून पाणी टिपावे, खाली वर्तमानपत्रांच्या घड्या घालून रात्रभर टेबल फॅन लावावा आणि घड्या बदलत राहावे. जुलैच्या हवेत एवढ्याने भागत नाही. मी रोज अर्धा तास मोकळ्या जागेत, गाडीत बसून, एसी आणि हीटर दोन्ही चालू ठेवून पायांकडे हवा सोडली, तेव्हा नवव्या दिवशी फोम कोरडा झाला. सीटखालचे पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, ते काढून पाहू नयेत. इतर कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर मात्र लगेच इलेक्ट्रिशियनला दाखवावे.

ही दुरुस्ती होऊन दोन पावसाळे झाले. आता मेच्या शेवटच्या आठवड्यात, गुलमोहोर ओसरला की, मी चारही कोपऱ्यांत मापाने पाणी सोडतो आणि दोन्ही पुढच्या दारांच्या बिजागऱ्यांमधली रबरी टोपणे चिमटीत दाबतो. यंदा तीन कोपरे लगेच मोकळे झाले. मागच्या उजव्याला मापभर पाणी उतरायला पाऊण मिनिट लागले, तेव्हा त्याच्या खालच्या टोकासाठी बंपरखाली आडवे पडण्याचे काम येत्या रविवारवर ठेवले आहे.